फाटकात आडवी गाडी

भैयाजीची गाडी फाटकात आडवी उभी होती, आणि ती मुद्दाम उभी केली होती हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. धाकट्या भावाची बायको गोपिका गाडी चालवते, हे त्याच्या पोटात दुखत होतं. तोंडावर बोलायची सोय नव्हती. या घरात भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि धाकटी सून एकमेकांशी बोलत नसत; चुकून शिवले तरी आंघोळ करत. मग रागही गाडीनंच बोलून दाखवायचा.

पण आज तिच्या पोरीचा, रोशनीचा, बारावीचा पेपर होता. पोरीचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, त्यामुळे ऑटोत बसवत नव्हतं. नवरा मौद्याला ड्युटीवर. गोपिकानं पोरीला मागच्या सीटवर आडवं बसवलं आणि हॉर्न दाबला. भैयाजी दात कोरत आला, गाडीत बसून किल्ली फिरवली. टक् झालं, बस. आठवडाभर जागेवरून न हललेल्या गाडीची बॅटरी बसली होती. गाडी ऑटोमॅटिक, गिअर सुटेना, ढकलायचीही सोय नाही.

"रोशनी, तुह्या मायले सांग, मेकॅनिक दुपारी येईन."

गोपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचं वर्ष जायची वेळ आली आणि ह्याला दुपार सुचतेय! तिनं आपली गाडी त्याच्या बॉनेटजवळ आणून बंद केली आणि डिकीतून एका गाडीच्या बॅटरीवर दुसरी गाडी सुरू करायची जंपर केबल काढली.

"माह्या गाडीले हात लावाचा नाही म्हणाव तिले. मी लावतो."

"रोशनी, सांग त्यायले. लाल चिमटा प्लसले. काळा बॅटरीले नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाले."

"मले शिकवून राहिली काय?"

तिनं आपल्या बॅटरीला दोन टोकं लावली. उरलेले दोन चिमटे दोन हातांत घेऊन भैयाजी वाकला. दसऱ्याच्या पूजेला कोणीतरी बॅटरीच्या एका टोकावर कुंकू थापलं होतं. लालाला लाल, असा हिशेब करून त्यानं लाल चिमटा तिकडे नेला आणि काळा दुसरीकडे. प्लसची खूण त्या दुसऱ्या टोकाशी होती, धुळीखाली.

"थांबा!" गोपिका ओरडली. सुनेचं ऐकायची त्याला सवयच नव्हती. तिनं झडप घातली आणि त्याची दोन्ही मनगटं धरून मागे ओढली.

"काहून शिवली मले?" भैयाजी किंचाळला.

"बॅटरी तोंडावर फुटली असती, म्हणून!"

तिनं चिमटे हिसकावले, लाल प्लसला लावला, काळा इंजिनच्या लोखंडाला, आणि आपली गाडी सुरू केली. थोडा वेळ जाऊ दिला.

"आता किल्ली फिरवा."

"आंघोळ केल्याबिगर मी गाडीले हात लावत नाही," म्हणत तो घराकडे वळला.

गोपिका सरळ त्याच्या सीटवर जाऊन बसली. गाडी सुरू झाली. तिनं आधी काळा, मग लाल, असे चिमटे काढले, गाडी रस्त्याच्या कडेला नेली आणि चालूच ठेवून उतरली. भैयाजी धावत आला.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं भासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"अर्धा तास बंद करू नका. केली तं पुन्हा माहाच हात लागन."

फाटकातून ती पोरीला घेऊन निघाली. चालत्या गाडीपाशी भैयाजी उभाच राहिला, ना त्याला गाडीत बसता येत होतं, ना आंघोळीला जाता येत होतं.