चावलेला चमचा

थोरल्या आत्याचं लग्न झालं त्या वर्षी कॉर्नफ्लेक्सच्या दोन खोक्यांतून दोन चमचे निघाले. पांढरेफटक, पण गार दुधात बुडवले की निळेशार. एक दादाचा, एक तिचा. आपल्या चमच्याची दांडी तिने चावून चावून खडबडीत केली.

पुढे आई गेली, तेव्हा घर आवरलं दादाने. त्याने हातात दिलेला चमचा तिने घरी नेला. दांडी गुळगुळीत आहे, हे त्या दुःखात ध्यानातही आलं नाही. काही वर्षं तो निळा झाला, मग ढिम्म पांढरा.

एकदा ती दादाकडे गेली, तर भाचीच्या वाटीत निळाशार चमचा! दांडीवर तिचेच दात. तिच्या मनात पाल चुकचुकली. माहेर म्हणून उरला होता तो हा एकटा दादा, आणि त्यानेच फसवावं?

"दादा, हा माझा."

"तुझाच. मीच बदलला. चावलेला कशाला द्यायचा, म्हणून माझा चांगला दिला."

"चांगला? मेलाय तो!"

"ठेवतेस कुठे?"

"खिडकीत, शिलाई मशीनजवळ. खडूच्या डब्यात उभा. येता-जाता दिसतो."

दादा जन्माचा रंगारी. म्हणाला, "वेडे, त्या प्लास्टिकमध्ये रंगाचे बारीक कण असतात. गारव्याने रंग धरतात, उबेने सोडतात. पण ऊन त्यांना खातं. तुझा इथे खणात पडून होता, म्हणून जगला."

'रंगाऱ्याची थाप! वरवर तसलाच रंग फासून नकली चमचा गळ्यात मारला असेल,' असं पुटपुटत ती घरी आली. कात्रीने चमचा खरवडला. आतही तेच पांढरं प्लास्टिक. संशय काही जाईना. गार दूध घेतलं, चमचा बुडवला, काही नाही. मग तिने तो उलटा धरला आणि दांडी दुधात खुपसली. चमचा उलटा कोण बुडवतो?

खडूच्या डब्यात उन्हाआड राहिलेलं दांडीचं टोक निळंशार झालं. डब्याच्या काठापर्यंत, रेघ मारल्यासारखं.

चमचा तिने तसाच दुधात ठेवला. मग फोन लावला.

"दादा, शेपटी निळी झाली."

"झाली ना? आता तरी आळ फिटला?"

"चमच्याचा फिटला. आता घर आवरताना गेलेला आईचा आरसा कुठे आहे, ते सांग."

दादा खोकला येईस्तोवर हसला.

दादा पुढच्या वर्षी, त्याच भाचीचं कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी वारला.