फळीवरचं नाव

डोळ्यांसमोर आणा पाहू: खाडीकाठी उंच लाकडी खांबांवर उभं असलेलं एक घर. शिडीवर चढून खिडकीवर प्लायवूडची फळी ठोकणारी सत्तरीची बाई, ओठांत खिळे धरलेले. खाली तिचा धाकटा भाऊ, कडक इस्त्रीच्या शर्टात, शिडी धरून उभा. आकाश निळंशार आहे. पण पेलिकन पक्षी सकाळीच समुद्राकडे पाठ फिरवून आत, जमिनीकडे उडून गेलेत. संध्याकाळपर्यंत वादळ येणार हे त्यांना कळलंय, आणि या दोघांनाही.

भाऊ म्हणजे अल्सिड वेरे, राज्याचा विमा आयुक्त, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. त्या राज्यात हे पद लोकांच्या मतांवर मिळतं, आणि निवडणूक तोंडावर आली होती. तो युलालीताईला न्यायला आला होता. पूल बंद व्हायच्या आत निघायला हवं होतं, आणि ताई शिडीवरून उतरायचं नाव घेत नव्हती.

शेवटचा खिळा ठोकून तिने फळीवर हात फिरवला. वादळाआधी फळीवर लाल रंगाने आपल्या विमा कंपनीचं नाव लिहायचं, ही त्या गावची रीत. वादळात रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे नंबर वाहून जातात. मग कंपनीकडून पाहणीला आलेल्या माणसाला घर ओळखू कसं यावं? ताईची फळी जुनीच होती, तिच्यावरचं नावही जुनं. तिने ब्रश बुडवून त्या नावावर आडवी रेघ मारली. खाली जागा कोरी राहिली.

अल्सिड पाण्याकडे बघू लागला. त्या कंपनीने वसंतातच ताईचा विमा बंद केला होता. जुन्या ग्राहकांना सोडायचं नाही, असा पूर्वी कंपन्यांना नियम होता. तो अल्सिडनेच भांडून रद्द करवला. आलेल्याला बाहेर जाऊच दिलं नाही, तर नवा कोणी उंबरठा ओलांडत नाही, असं तो सभांमध्ये सांगे. दार मोकळं ठेवा, कंपन्या येतील, हप्ते उतरतील. त्याला ते मनापासून पटलेलं होतं.

"ताई, चल गं आता. एलोडी गाडीत ताटकळलीय."

एलोडी, त्याची नऊ वर्षांची नात, गाडीत नव्हतीच. ती रंगाच्या डब्याशी उकिडवी बसून सगळं ऐकत होती.

"तू जा. छप्पर उडालं तर ताडपत्री कोण बांधणार? तुझ्या त्या नव्या कंपन्या?"

"येतील त्या. वेळ लागतो अशा गोष्टींना."

"मग वाऱ्याला सांग तसं. म्हणावं, जरा दम धर, आयुक्तसाहेबांचे पाहुणे वाटेत आहेत."

शेजारच्या घरी फळ्या ठोकणारे दार्दारकाका हसले. अल्सिडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात कचेरीतून फोन आला: पूल ठरल्यापेक्षा लवकर बंद होतोय. फोन ठेवताना त्याचा दुसरा हात शिडीवर आवळला गेला.

"घराला काही झालं तर जबाबदारी माझी," तो म्हणाला. "शब्द देतो. उतर आता."

ताईने वरून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"शब्द भावाचा, की आयुक्ताचा?"

"दोघांचाही."

ती उतरली. आईचं बिडाचं पातेलं आणि मांजर घ्यायला घरात गेली. अल्सिड गाडीची मागची बाजू रिकामी करू लागला. वळून बघतो तर एलोडी शिडीवर. जिभेचं टोक बाहेर काढून, सावकाश, मारलेल्या रेघेखाली ती लिहीत होती: अल्सिड वेरे. त्याखाली त्याचा फोन नंबर. कुठे हरवलीस तर असू दे, म्हणून त्यानेच तो तिच्याकडून पाठ करून घेतला होता.

ताई मांजर काखेत धरून दारात थबकली.

रंग अजून ओला होता. अल्सिडने खिशातून रुमाल काढला, शिडीकडे एक पाऊल टाकलं, थांबला, आणि त्या रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं.

दार्दारकाकांची हातोडी थांबली होती. त्यांच्याही फळीवर एक आडवी रेघ होती, आणि खाली कोरी जागा.

एलोडी ब्रश घेऊन शिडीवरून उतरली, डबा उचलला, आणि त्यांच्या अंगणाकडे चालू लागली.