लोर्नाच्या कोटाची डावी बाही

मी एक जुने धनुष्य आहे. दोन्ही टोकांना चाके असलेले, शिकारीचे. मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे हात काळे आणि चिवट, कणा हलक्या धातूचा. मी दिसायला देखणे होते आणि माझी सगळीकडे वाहवा…

नको. असे सुरू केले की मी शहाणे ठरते. पुन्हा सांगते.

सुरुवात, दुसऱ्यांदा

मी एक जुने धनुष्य आहे आणि माझ्या वरच्या टोकाला एक कागदाची चिठ्ठी बांधलेली आहे. ही चिठ्ठी शिकार केलेल्या हरणाच्या शिंगाला बांधायची असते. ती माझ्यावर का आहे, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडले आहे.

ऑगस्ट महिना होता. ड्वेन ट्रूडोचे दुकान त्याच्या घराच्या मागच्या शेडमध्ये. गल्ल्याखाली मफिन नावाची त्याची बुटकी, लांब अंगाची कुत्री झोपलेली. लोर्ना कांगास आत आली. शाळेची बस चालवणारी, शेहेचाळीस वर्षांची बाई, बोलण्यापेक्षा ऐकणारी. तिच्या मागोमाग तिचा नवरा रॉडनी. वसंतात जंगलात लाकूड पाडताना त्याच्या उजव्या खांद्यावर फांदी पडली होती. घरातला थंडीतला मटणाचा साठा म्हणजे दर वर्षी रॉडनीने मारलेले हरीण. यंदा त्याला कपबशीसुद्धा धड उचलता येत नव्हती. म्हणून लोर्ना म्हणाली होती, "मी जाते." आयुष्यात पहिल्यांदा.

ड्वेनने दोन-चार धनुष्ये ताणायला दिली. मी तिच्या हातात बसले.

"हे नुसतंच धनुष्य झालं," ड्वेन म्हणाला. "आता याला कपडे चढवायचे. काय काय हवंय?"

"सगळं," रॉडनी म्हणाला.

"तुला नाही विचारलं. हरणाची वाट बघत झाडावर कोण बसणार आहे?"

"ती. पण सल्ला माझा."

"तुझा सल्ला! भाता गाडीत ठेवून झाडावर चढला होतास ना रे तू?"

"विसरलो नव्हतो. ओझं कमी केलं होतं."

लोर्ना हसली. मग एकेक वस्तू गल्ल्याच्या काचेवर आली. तीन रंगीत ठिपक्यांची नेमाची चौकट. बाण टेकवायचा टेकू. मनगटाला बांधायचा चाप, म्हणजे दोरी बोटांनी ओढावी लागत नाही. पुढे लावायची जड दांडी, जी बाण सुटल्यावरचा माझा हादरा पिऊन टाकते. दोरीत बांधायच्या रबराच्या झिपऱ्या, ज्या दोरीचा आवाज पिऊन टाकतात.

"झिपऱ्या घेच," रॉडनी म्हणाला. "हरणाला कळणारसुद्धा नाही."

शेवटी ड्वेनने चामड्याचा एक साधा पट्टा ठेवला. बंद लावलेला, तपकिरी, कुठल्याही दिमाखाशिवाय.

"हा डाव्या हाताला. जाड कोट घातला की बाही फुगते. दोरी सुटताना तिला घासली की बाण गेलाच भलतीकडे. पट्ट्याने बाही आवळून धरायची. आणि सराव कोट घालून करायचा, लोर्ना. उन्हाळ्यात टी-शर्टवर शूर असलेले सगळे नोव्हेंबरात माझ्याकडे रडत येतात."

रॉडनी खो खो हसला. "पट्टा? अरे, तो उन्हाळी शिबिरातल्या पोरींना बांधतात. मी वीस वर्षांत बांधला नाही."

"तुझे दंड बघ आणि तिचे बघ. तिला तुझाच कोट घालायचा असेल ना? दोन लोर्ना मावतील त्यात."

लोर्नाने पट्टा हातात घेतला होता. मला तिची बोटे दिसत होती. ती बंदावरून एकदा फिरली. मग तिने नवऱ्याकडे पाहिले आणि पट्टा अलगद खाली ठेवला. तो काचेवरून घसरून पडला आणि मफिनने तो लगेच तोंडात धरला.

"गिऱ्हाईक मिळालं त्याला," रॉडनी म्हणाला.

मित्रांनो, मीही मनात हसले. माझ्या अंगावर एवढे चकचकीत काही चढत असताना ते चामड्याचे फडके मला शोभले नसते.

चांगले दिवस

हा भाग छोटा आहे, कारण तो आठवला की मला जास्त लाज वाटते.

सप्टेंबरभर लोर्ना बस लावून आली की अंगणात उभी राही. पातळ शर्ट, उघडे हात. समोर फोमचे हरीण. सुरुवातीला बाण गवतात गेले, मग पायाला लागले, मग छातीत, आणि महिनाअखेर तळहाताएवढ्या जागेत चार बाण. रॉडनी पायरीवर बसून कॉफी पीत असे.

"आवाजच नाही गं! लोण्यात सुरी गेल्यासारखं."

हे कौतुक माझे होते. मला ते फार गोड लागे.

जे मला कळले होते

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी गवतावर दहिवर गोठले होते. लोर्नाने रॉडनीचा जाड लोकरी कोट चढवला आणि एक बाण सोडला. एकच.

दोरी बाहीला घासली.

अगदी जराशी. लोकरीचे दोन धागे माझ्या दोरीला चिकटून आले. बाण वीतभर डावीकडे गेला.

"वारा आहे," रॉडनी पायरीवरून म्हणाला. सरोवराकडून वारा येत होता, हे खरे. लोर्नाने मान हलवली. बस सुटायची वेळ झाली होती.

धनुष्याला दोनच भाषा येतात, हादरा आणि आवाज. माझा हादरा दांडीने प्यायला होता, आवाज झिपऱ्यांनी. साधी, उघडी दोरी असती तर तिने बाहीवर फटका दिल्याचे अंगणभर ऐकू गेले असते. पण सगळे दांडीवर आणि झिपऱ्यांवर ढकलून मी मोकळे होणार नाही. ते दोन धागे माझ्या दोरीवर होते आणि ते तिला दिसू नयेत असे मला वाटत होते. इतक्या कौतुकानंतर कोणाला चूक दाखवायची असते?

धागे वाऱ्याने उडून गेले.

नोव्हेंबर

सकाळी आठची वेळ. देवदाराच्या झाडावर लोर्ना तोच कोट घालून बसली होती. खाली वीस पावलांवर नर आला. शिंगांना तीन-तीन फाटे. तो आमच्या उजवीकडे तोंड करून थांबला. लोर्नाने मला ताणले. तिचा श्वास अगदी बरोबर होता. हिरवा ठिपका खांद्याच्या मागे, जिथे हवा तिथेच होता. तिची काहीही चूक नव्हती, मित्रांनो, हे तुम्ही लक्षात ठेवा.

दोरी बाहीला घासली.

बाण छातीत न जाता पोटातून आरपार गेला. हरीण पाठीची कमान करून उडाले आणि झुडपांत गेले. कुठेही आवाज नव्हता.

लोर्ना खाली उतरली, बाण शोधून तिने नाकाशी नेला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पोटातला वास. तिने फोन लावला. अर्ध्या तासात रॉडनी आला आणि ड्वेनही, मफिनला साखळीला बांधून.

"आत्ताच जाऊ या," रॉडनी म्हणाला. "बर्फ येतोय. माग झाकला जाईल."

"आत्ता गेलो तर ते उठून पळेल," ड्वेन म्हणाला. "पोटात लागलेलं जनावर जवळच कुठेतरी बसतं. त्याला बसू दे. दुपारनंतर जाऊ."

"आणि बर्फ पडला तर?"

"तर मफिनचं नाक. दुसरं काय आहे आपल्याकडे?"

दोघांनी लोर्नाकडे पाहिले. निर्णय तिचा होता.

"त्याला दुखत असेल," ती म्हणाली.

"असेल," ड्वेन म्हणाला. त्याने खोटे सांगितले नाही.

"थांबू या."

ते गाडीत बसले. अकराला बर्फ सुरू झाला. काचेवर तो साचत राहिला आणि कोणी तो पुसला नाही. रॉडनीने घरून आणलेली मटण-बटाट्याचे सारण भरलेली गरम पेस्टी कागदात तशीच गार झाली.

दुपारी दोनला निघाले. सगळे पांढरे. मफिन बर्फात पोटापर्यंत रुतत होती, पण नाक खाली घालून ओढत राहिली. एका पडलेल्या झाडाशी तिने पंज्यांनी बर्फ उकरला. खाली लाल ठिपके, आणि हरीण बसल्याची खोलगट जागा. ते इथे बसले होते, मग उठले होते. मफिन पुढे दलदलीत शिरली, पुढे ओढ्यापर्यंत गेली आणि काठावर थांबली. पाणी वाहत होते. तिने दोन्ही काठ हुंगले, पलीकडेही नेऊन पाहिले. मग ती बर्फात आडवी झाली.

"संपलं," ड्वेन हलकेच म्हणाला.

"अजून उजेड आहे." लोर्ना पुढे निघाली. उजेड संपेपर्यंत ती दलदल तुडवत होती. मी तिच्या पाठीवर होते. दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो, तिसऱ्या दिवशीही.

हरीण सापडले नाही.

चिठ्ठी

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात लोर्नाने परवान्याची चिठ्ठी काढली आणि शिकार झाल्यावर करतात तसे सुरीच्या टोकाने तिच्यावरचा महिना आणि तारीख कापली.

"काय करतेस?" रॉडनी दचकला. "चिठ्ठी वापरली की यंदाची शिकार संपली. अजून डिसेंबर बाकी आहे. नियम असं म्हणत नाही, अगं. जनावर हाती आलं तरच…"

"जनावर मेलंय, रॉडनी. माझ्या हातून मेलंय. आपल्या ताटात आलं नाही म्हणून ते हिशेबात धरायचंच नाही?"

"मग खायचं काय वर्षभर?"

"कोंबडी. दुकानातली."

रॉडनीने टेबलावरचा कापलेला तुकडा उचलला. "पट्ट्याला मी हसलो होतो," तो शेवटी म्हणाला.

"ठेवला मी होता."

शिंग नव्हते. तिने ती चिठ्ठी माझ्या वरच्या टोकाला बांधली, घट्ट, दोन गाठी मारून. मला वाटते तिला कळले होते. आमच्या तिघांत मीच सगळ्यात जास्त गप्प राहिले होते.

जुलै

शेवट असा आहे, आणि तो खरा आहे.

पुढच्या जुलैत भर उकाड्यात लोर्ना तो जाड लोकरी कोट घालून अंगणात उभी राहिली. रस्त्यावरून जाणारे गाड्या हळू करून बघत. "लोर्ना, बर्फाची वाट बघतेस का गं?" कोणीतरी ओरडले.

"हो!" ती ओरडली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

तिने माझी दांडी काढली. कात्रीने झिपऱ्या कापल्या. "शिकारीआधी परत लावू," ती म्हणाली, "पण आधी मला ऐकू दे."

पायरीवरून रॉडनी उठला. त्याने खिशातून पट्टा काढला. तपकिरी, कडेला कुत्रीच्या दातांच्या खुणा. तो न सांगता ड्वेनकडे जाऊन आला होता. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हाताने आणि दातांनी त्याने तिच्या फुगलेल्या बाहीवर बंद आवळले. बराच वेळ लागला. ती हात पुढे करून उभी राहिली.

"शिबिरातली पोरगी दिसतेस," तो म्हणाला.

"तू बांध. बोलू नकोस."

त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात हेच चालते. मधे किती हरणे घरात आली ते मी सांगणार नाही, कारण मला मोजता येते ते फक्त एक, जे आले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडच्या वस्तू करकरल्या, धडधडल्या, खडखडल्या तर त्यांची तोंडे लगेच बंद करू नका. आधी विचारा, काय झाले? आम्हाला तेवढेच बोलता येते. आणि कोणी तुमचे फार कौतुक करत असेल, तर तेव्हाच जरा मोठ्याने आवाज करा. मी केला नाही.

चिठ्ठीवरची शाई उडाली आहे. कापलेली तारीख मात्र तशीच आहे, कारण तिथे कागदच नाही. लोर्ना मला ताणते तेव्हा त्या भोकातून मला आभाळ दिसते. मग ती चाप दाबते आणि माझी दोरी अंगणभर ऐकू जाईल अशी वाजते.