पाहुण्याला ओरडायचं कसं

शाहेच्या तोंडाला कुणी लागत नसे. अल्बेनियाच्या डोंगरातल्या श्पेला गावातली कुत्रीसुद्धा तिच्या कुंपणाजवळून शेपूट घालून जायची. नवरा देमीर, दोन शेळ्या, एक गाढव, रस्त्याने जाणारा पाद्री असो की मशिदीतला हाजी, सगळ्यांना ती एकाच मापाने झापायची, आणि झापून झालं की तितक्याच मायेने वाढायची. देमीर म्हणायचा, "ही गप्प बसली की मला घाम फुटतो."

पण हे झालं घरच्यांचं. पाहुण्यापुढे हीच बाई लोण्याहून मऊ. आमच्या डोंगरात पाहुण्याने उंबरा ओलांडला की घर त्याचं. शेकोटीजवळची जागा त्याची, पहिला घास त्याचा, कॉफीचा पहिला पेला त्याचा. त्याने इकडची काडी तिकडे करायची नाही. पाहुण्याने स्वतःच्या हाताने पाणी घेतलं एवढं जरी शेजारी कळलं, तरी त्या घरची बाई चार दिवस झऱ्यावर तोंड दाखवत नसे. आणि शाहे तर या बाबतीत गावात सगळ्यांच्या वरताण.

१९४३ सालच्या नोव्हेंबरात अव्राम आला, सात वर्षांच्या लूनाचा हात धरून. प्रिश्तिनात त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. ज्यू म्हणून दुकान गेलं, मग घर गेलं, मग जीवावर बेतलं, तेव्हा लेकीला घेऊन तो डोंगर ओलांडून आमच्या बाजारगावी, क्रुयेला पोचला. तिथेही जर्मन येऊन बसलेच होते. ज्यू सापडला की उचलायचे, आणि ज्याच्या घरात सापडला त्याचं घर पेटवायचे. देमीरने त्याला बाजारात भिंतीला टेकून बसलेला पाहिलं, दोन प्रश्न विचारले, पोरीला गाढवावर बसवलं आणि सरळ घरी आणलं.

तासाभरात शेजारीण झूरा भांडायला हजर.

"दोन पाहुणे, आणि दोन्ही तुझ्याकडे? एक मला दे."

"बापलेकीची ताटातूट करू?" शाहे म्हणाली.

"मग दोघं दे. उन्हाळ्यात तो मेंढ्यांचा व्यापारीही तुझ्याकडेच उतरला होता. आमच्या घराने काय पाप केलंय?"

घर जळण्याची भीती दोघींनाही होती, नव्हती असं नाही. पण पाहुणा दुसरीकडे जाण्याची भीती त्याहून मोठी. शेवटी लूनाने रोज दुपारी झूराकडे दही खायला जायचं, एवढ्यावर तडजोड झाली. झूरा कुरकुरतच परतली.

लपवायचं ते उघड्यावर, असं देमीरने ठरवलं. तळघरात माणूस ठेवला की त्याला शोधायला येतात; अंगणात ठेवला की त्याला नमस्कार करून जातात. अव्रामच्या डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी आली. तो आता इब्राहिम, देमीरच्या याकोवाला राहणाऱ्या थोरल्या भावाचा मुलगा. अल्बेनियन तो अस्खलित बोलायचा, हेल थोडा वेगळा, पण याकोवाच्या माणसाचाही असतोच. लूनाची लुले झाली. पोरीला काही शिकवावं लागलं नाही. आठ दिवसांत तिने झग्याला तीन खोंबारे पाडले, झूराच्या माळ्यावरचे अक्रोड पळवले आणि शाहेकडून कान पिळून घेतला. पोर ते पोर, त्यात पाहुणा कसला.

अडलं ते अव्रामपाशी. शाहेच्या तोंडून त्याला एक वाकडा शब्द निघेना.

तो सकाळी कुऱ्हाडीला हात घाली, ती धावत येऊन कुऱ्हाड हिसकावून घेई. "माझ्या घरी पाहुणा लाकडं फोडणार? त्यापेक्षा मला पुरून टाका."

"अहो, मला काहीतरी करू द्या," तो काकुळतीला येऊन म्हणे. "बसून बसून माझी पाठ मोडली."

"पाठ मोडली? थांबा, आणखी एक उशी आणते."

फेब्रुवारी उजाडला तेव्हा देमीरचा धीर सुटला. त्याने तिला गोठ्यात गाठलं.

"बाई, गावाची गोष्ट सोड, गाव आपलंच आहे. पण बाहेरचा कुणी आला तर? धडधाकट पुतण्या तीन महिने शेकोटीपाशी बसून खातोय, आणि काकू ब्र काढत नाही? तुझ्यासारखी काकू? आंधळ्यालाही कळेल हा घरचा नाही म्हणून. त्याला ओरडायला शिक. नाहीतर तुझ्या या पाहुणचारानेच त्याचा जीव जाईल."

शाहेला ते पटलं, आणि पटलं म्हणून रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली. देमीर परीक्षक, अव्राम समोर उभा, लूना हसू दाबत कोपऱ्यात.

"म्हण, 'अरे इब्राहिम, ऊठ, पाणी आण,'" देमीर म्हणाला.

शाहेने ओढणीशी चाळा केला. "इब्राहिम, पाणी... म्हणजे सवडीने हो. नाहीतर राहू द्या, बाहेर गारठा आहे, मीच आणते."

"ओरड, बाई. माझ्यावर कशी ओरडतेस?"

"तुझी गोष्ट वेगळी. तुला बघितलं की आपोआप येतं."

अव्रामने मदत म्हणून मुद्दाम मक्याचं पीठ सांडून दाखवलं. शाहेचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "काही लागलं तर नाही ना तुम्हाला?" ती म्हणाली. देमीर डोकं धरून बाहेर निघून गेला.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, ते आले. चार जर्मन सैनिक, एक अधिकारी आणि तिरानाहून आणलेला दुभाषा. दुभाषा अल्बेनियनच, मिशा पिळलेला, बोलका, आणि नेमका म्हणूनच धोक्याचा. जर्मनांना आपल्या घरातलं काय कळतंय? याला सगळं कळत होतं. लूना तेव्हा झूराकडे दही खात होती, तेवढं एक बरं होतं.

देमीरने दार उघडलं. दात आवळून का होईना, या म्हणाला. दुभाष्याने जोडे दाराशी काढले. बाकीचे पाचही जण चिखलाच्या बुटांनी आत आले आणि शाहेच्या लाल गालिच्यावर, तिच्या आईने विणलेल्या गालिच्यावर, फतकल मारून बसले. शाहेने ते पाहिलं आणि गिळलं.

अव्राम मात्र शिकवलेलं विसरला नव्हता. घरातल्या तरण्या पुरुषाने परक्यांपुढे बसायचं नसतं. तो चटकन उठला आणि दाराशी हात बांधून उभा राहिला, चांगला पुतण्या उभा राहील तसा.

"हा कोण?" दुभाष्याने विचारलं.

"पुतण्या. याकोवाचा," देमीर म्हणाला.

शाहेने कॉफी केली. लढाईच्या दिवसांत कॉफी कुठली, भाजलेला जवच तो. सहा पेले तबकात घेतले. मनात एकच जप: अधिकाऱ्याला आधी, अधिकाऱ्याला आधी. पण तीन महिन्यांची सवय हाताला असते, मनाला विचारून हात चालत नाही. ती अधिकाऱ्यासमोरून गेली, दुभाष्यासमोरून गेली, थेट दारापर्यंत गेली आणि पहिला पेला अव्रामच्या हातात दिला.

दिला, आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते.

देमीरचा चेहरा राखेसारखा झाला. दुभाषा मिशीवरून हात फिरवत हळूच म्हणाला, "काकू, पुतण्याला पहिला पेला? आम्ही पाहुणे इथे बसलोय आणि घरच्या पोराला पहिला? माझ्या उभ्या जन्मात असं घर पाहिलं नाही." मग तो वळून अधिकाऱ्याशी जर्मनमध्ये बोलू लागला. अधिकाऱ्याने मान वर करून अव्रामकडे पाहिलं.

आता पोरगी अनाथ होणार, शाहे मनात म्हणाली, आणि माझ्या हाताने होणार. खाली बघितलं तर आईच्या गालिच्यावर चिखल. वर बघितलं तर अव्रामच्या हातातला तो पहिला पेला. आणि तीन महिने घशाशी अडवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"त्याला पहिला नको देऊ तर काय करू?" ती कडाडली. "जव भाजायला कोण बसलं होतं? हाच! जव भाज म्हटलं तर कोळसा केला मेल्याने. तो कोळसा मी पाहुण्यांना आधी पाजू? माझी अब्रू घालवू? नाही. आधी यानेच प्यायचा. पी. बघतोस काय, पी म्हणते ना. बघू दे सगळ्यांना तुझ्या घशाखाली कसा उतरतो ते."

अव्राम प्यायला. तोंड वाकडं करावं लागलं नाही, आपोआप झालं.

"बघा, बघा थोबाड," शाहे आता थांबणार नव्हती. "तीन महिने झाले, शेकोटीपाशी बूड टेकून बसलाय. लाकूड फोड म्हटलं की हात दुखतो. पाणी आण म्हटलं की गुडघा दुखतो. जेवायला हाक मारली की याचं काही म्हणता काही दुखत नाही. याच्या बापाने मुद्दाम धाडलाय माझ्या उरावर बसायला. काल पीठ सांडलं, परवा शेळी सोडली, आणि आज..."

"जव ओला होता, काकू," अव्राम म्हणाला.

शाहे त्याच्या आणखी जवळ सरकली.

"काय म्हणालास?"

"ओला होता. तुमच्या कोठीत पाणी गळतं. ओला जव भाजला की कोळसाच होतो."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी शाहे जर्मन विसरली, लढाई विसरली, सगळं विसरली. तिच्या कोठीला नाव ठेवलं होतं. वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. तिने तबक खाली आदळलं आणि चुलीतला चिमटा उचलला. "माझी कोठी गळते? माझी?" अव्राम देमीरच्या मागे लपला, देमीर अव्रामच्या मागे लपायला बघू लागला, आणि दुभाषा उठून मध्ये पडला.

"अरे गाढवा, काकूला उलट बोलतोस?" तो अव्रामवरच खेकसला. "माझ्या आईला मी असं बोललो असतो तर तिने सांडशीने जीभ ओढली असती. माफी माग आधी. काकू, जाऊ द्या, याकोवाची पोरं अशीच. आमच्याकडे एक जावई आहे तिकडचा."

अधिकाऱ्याने काय चाललंय म्हणून विचारलं. दुभाष्याने हातवारे करून सांगितलं, तसे सैनिक खदाखदा हसले. अधिकाऱ्याने तबकातला एक पेला उचलून नाकाशी नेला, अव्रामच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला तसाच खाली ठेवला. मग सैनिकांनी माळा वरवर चाळला, जाताना पनीरचा एक गोळा उचलला आणि निघाले. उतारावरून ते दिसेनासे होईपर्यंत शाहे ओरडतच होती. थांबायची भीती वाटत होती, आणि थांबताही येत नव्हतं.

मग ती मटकन खाली बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडू लागली.

"मी पाहुण्याला मेल्या म्हटलं, देमीर. बूड म्हटलं. माझ्या घरात, माझ्या तोंडाने. आता मी कुणाला तोंड दाखवू?"

देमीर भिंतीला धरून पोट दुखेपर्यंत हसत होता.

तेवढ्यात लूनाला घेऊन झूरा दारात उभी. "सगळं ऐकलं," ती म्हणाली. "गावाने ऐकलं. पाहुण्याशी असं बोलतात? तरी मी म्हणत होते, माझ्याकडे दे."

लूना धावत बापाला बिलगली आणि शाहेकडे बघून म्हणाली, "आई पण अशीच ओरडायची. अगदी अशीच. बाबांनी खळ सांडली की."

अव्राम मान हलवत हसत होता आणि हसता हसता डोळे पुसत होता. "दोन वर्षं झाली तिला जाऊन," तो म्हणाला. "तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आजारी माणसाशी बोलतात तसं. आज बरं वाटलं, काकू. फार बरं वाटलं."

शाहेने ओढणी खाली केली. त्याच्याकडे नीट बघितलं. नाक पुसलं.

"मग बसलास काय असा?" ती म्हणाली. "घागर रिकामी आहे. आणि झऱ्यावर चिखल आहे, घसरून पडलास तर रडत माझ्याकडे येऊ नकोस."

अव्राम उडी मारून उठला. घागर खांद्यावर घेऊन तो दाराबाहेर पडला तो जवळजवळ पळतच.

झूराने कपाळाला हात लावला. "अगं, पाहुण्याला पाणी भरायला धाडलंस?"

"पाहुणा कोण?" शाहे म्हणाली. "पुतण्या आहे तो माझा." आणि तिने लूनाला पुढ्यात ओढून तिची सुटलेली वेणी घालायला घेतली.