चिन्नीचा रुसवा

माझी बायको सावित्रम्मा दिवाळीनंतर गेली आणि तिच्या मांजरीनं माझ्याशी संबंधच तोडला. पूर्वी सकाळी मी दिवाणावर पूजेला बसायचो, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, डोळे मिटलेले. डोळे उघडले की चिन्नी मांडीवर हजर! आता कोपऱ्यात पाठ करून बसायची. उचलायला गेलो की चावायची. मला लई लागलं, खोटं कशाला बोलू?

"अप्पा, वळसंगच्या शेतावर सोडू तिला," माझा मुलगा संगमेश म्हणाला. "तुम्ही रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता. परवा हात किती वेळ वाहत होता!"

"सोड की. तिला तरी मी कुठं हवाय?" म्हणालो खरा, पण मन होईना. बायकोचं म्हणून जिवंत तेवढंच उरलं होतं घरात. शेतावर न्यायच्या आधी निदान दाखवून घेऊ म्हणून जनावरांच्या डॉक्टर सोनालीबाईंकडे गेलो.

बाईंनी हातच लावला नाही. टोपली उघडून चिन्नीला जमिनीवर सोडलं आणि नुसत्या बघत बसल्या. म्हटलं, एवढं तर मलाही येतं की! चिन्नी खुर्चीपाशी गेली, वर बघितलं, अंग गोळा केलं आणि तशीच खाली बसली. मग बाईंनी मानेपासून हात फिरवायला घेतला. एकेक पाय हलकेच वाकवायचा, सरळ करायचा, नजर मात्र तिच्या तोंडावर. मागचा पाय ताणला तसे चिन्नीचे कान पडले. वळून तिनं बाईंच्या बोटांवर दात टेकवले. दुसऱ्या पायालाही तेच.

"रुसली नाही हो अप्पा, दुखतंय तिला. दोन्ही खुब्यांचा संधिवात दिसतोय. एक्स-रे काढून खात्री करू, मग औषध देते. तुमची गुडघ्याची गोळी चुकूनही देऊ नका, मांजराला ती विषासारखी."

"अहो, पण दिवाळीपर्यंत रोज दिवाणावर उडी मारून मांडीवर यायची!"

"हिच्या मांड्या बघा किती झडल्यात. हे काही वर्षांचं दुखणं आहे. दिवाणावर उडी तिला तेव्हाही जमली नसणार. उडी मारताना बघितलंत कधी?"

बघणार कसा? डोळे मिटलेले. ऐकू मात्र यायचं. रोज पूजेत अगदी जवळ बांगड्या वाजायच्या, आणि पूजा आटोपली की मी खेकसायचो, "जरा गप बसता येत नाही का गं तुला?" ती नुसती हसायची.

दवाखान्यातच मला रडू कोसळलं. संगमेश घाबरला. "अप्पा, काय झालं ओ?"

"तुझी आई उचलून ठेवायची रे तिला! वळसंग-बिळसंग काही नाही. चल घरी."

दुसऱ्या दिवशी दिवाण सोडला. जमिनीवर चादर घालून बसलो, गुडघे कुरकुरले तर कुरकुरू देत. डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही. मग मांडीवर आधी एक पाय आला, मग दुसरा, मग सगळं ऊबदार ओझं.

बांगड्या तेवढ्या वाजल्या नाहीत.