कबर खणायला एक माणूस

"पाद्रीबाबा, आधी खाली उतरा!"

शिडीचा पाय धरून, पाद्रीच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या एलुबेने तिसऱ्यांदा हाक मारली. वर प्रार्थनाघराच्या छपरावर पाद्री हान पत्रा ठोकत होता. तोंडात खिळे, हातात हातोडा, आणि ठाण् ठाण् असा आवाज, की खालच्या कोंबड्यासुद्धा पळून गेलेल्या. चौथ्या हाकेला त्याने मान वळवली.

"काय झालं?"

"मलिता म्हातारी गेली पहाटे. रडणं ऐकलं नाहीत?"

"ऐकलं. देव तिला शांती देवो. ड्रायव्हरच्या हाती दहा किलो साखर पाठवलीय मी. सोबत चिठ्ठीपण आहे."

"साखर काय रडणार आहे तिथं बसून?" एलुबेचा आवाज चढला. "अहो, मढं घरात आहे. अख्ख्या गावात आज कुणी कुदळीला हात लावलेला नाही. आणि तुम्ही देवाच्या घरावर घाव घालताय!"

"पाऊस तोंडावर आलाय, एलुबेबाई. वर्षाच्या आत छप्पर घालीन असा शब्द दिलाय मी आमच्या कोरियातल्या चर्चच्या लोकांना. इथं दर आठवड्याला कुणीतरी मरतं. दर वेळी काम थांबवलं तर कसं व्हायचं? तुम्हीही आज जाऊ नका. शहरातून पाहुणे येणार आहेत जेवायला."

एलुबेने कमरेचा एप्रन सोडला आणि शिडीच्या पायरीवर टाकला.

"उरली असेल तर पाहुण्यांना साखरच वाढा," ती म्हणाली आणि मातीला गेली.

माणूस वाईट नव्हता हो. जानेवारीत बायको आणि दोन लहान मुली घेऊन कोरियाहून आला होता. अकरा महिन्यांत त्याने विहीर उपसली, शाळेची दारं बसवली, बैलासारखा राबला. त्याला येत नव्हतं ते एकच. त्याला बसता येत नव्हतं. आणि मलावीच्या त्या गावात कुणी गेलं की पहिलं काम बसायचं. बायकांनी घरात चटईवर पाय पसरून, पुरुषांनी बाहेर झाडाखाली. बोलायचंच असं काही नाही. पण बसायचं.

एलुबेचं सगळं आयुष्य अशा बसण्यात गेलं होतं. नवरा खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही. दोन लेकरं झाली, दोन्ही गेली. पैसाअडका नाही, पोटचं कुणी नाही. लोक म्हातारपणासाठी कोंबड्या राखतात, तिने माणसं राखली. गावात तीस वर्षांत अशी एक माती नसेल जिथे एलुबेने पाण्याचा हंडा नेला नाही, न्सिमाचं, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, पातेलं घाटलं नाही. हे सगळं एकाच आशेवर. आपला दिवस येईल तेव्हा कुणीतरी येऊन खड्डा खणेल, दोन आसवं गाळेल. त्यापलीकडे तिचं मागणं नव्हतं.

मलिताला मूठमाती दिल्यावर मुखिया चिमोम्बो कबरीपाशीच उभा राहिला. मलिता त्याची सख्खी थोरली बहीण. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"माझ्या बहिणीवर माती पडेपर्यंत तो हातोडा वाजत होता. सगळ्यांनी ऐकलं. आजपासून त्या घरात कुणी कामाला जायचं नाही, दुःखालाही जायचं नाही. जो जाईल त्याची कबर या गावातला एकही माणूस खणणार नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. एलुबेनेही हलवली. तिलाही राग आलाच होता की!

दुसऱ्या दिवसापासून दूधवाली बंद झाली, कोळसेवाला बंद झाला, दोघे सुतार घरी बसले. रविवारच्या प्रार्थनेला पाद्री, बायको आणि दोन मुली. ठाण् ठाण् मात्र चालूच. एकट्याचं.

तीन आठवड्यांनी, तिकडच्या डिसेंबरातल्या पावसावर पेरणी ऐन भरात असताना, एलुबेच्या दारात पाद्रीची बायको इनसुक येऊन उभी राहिली. थोरल्या मुलीचं नाव युरी, म्हणून सगळे हिला युरीची आई म्हणत. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"काय गं, काय झालं?"

"त्याची आई गेली. परवा माती आहे. इथून निघून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. तो थोरला मुलगा. आमच्यात थोरल्यानं उभं राहायचं असतं आलेल्यांसमोर. फोन ठेवला आणि छपरावर जाऊन बसलाय. खिळे संपलेत तरी ठोकतोय. मुली घाबरल्यात. माझ्याकडे दुसरं कुणी नाही, एलुबेताई."

एलुबेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग तिने चटई गुंडाळून डोक्यावर घेतली आणि इनसुकला घेऊन निघाली.

वाटेत मुखियाचं शेत. चिमोम्बो कुदळ टेकून उभा राहिला.

"चटई घेऊन कुठं निघालीस?"

"पाद्रीची आई गेलीय. बसायला चाललेय."

"मी काय म्हटलं होतं ते विसरलीस?"

"नाही विसरले."

"तुझं पुढंमागं कुणी नाही, एलुबे. सांभाळून पाऊल टाक. कोण खणणार आहे तुझी कबर?"

एलुबेची तीस वर्षांची राखण एका वाक्यात जात होती. पाय क्षणभर थबकले. मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नका खणू! टाका कोल्ह्यांपुढं! मेल्यावर मला काय कळणार आहे, मुखियाबाबा? पण आज या पोरीला असंच परत पाठवलं तर मला रोज कळेल. दंडाची कोंबडी मागायची तर मागा, गाव सोड म्हणा. मी बसून येणार. मग बोलू."

"बाई माजलीय," मुखिया म्हणाला. पण वाटेतून बाजूला झाला.

पाद्रीच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिने चटई अंथरली आणि पाय पसरून बसली. शेजारी इनसुकला बसवलं, मुलींना मांडीवर घेतलं. शेजारच्या प्रार्थनाघरावर ठाण् ठाण् चालूच होतं.

"सासू काय करायची गं तुझी?"

"मासळी विकायची. बंदरावर." इनसुक जरा घुटमळली. "शाळेत असताना तिच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून हा मित्रांसमोर तिला ओळख दाखवायचा नाही. लग्नानंतर एकदाच सांगितलंय मला. पुन्हा कधी बोलला नाही."

विश्वासणाऱ्यांनी गळा काढून रडू नये, असं पाद्रीने इथल्या दुसऱ्याच प्रवचनात सांगितलं होतं. एलुबे तेव्हा पहिल्या बाकावर होती. आता तिने डोकं मागे टाकलं आणि गळा काढला.

"मासळीवाल्ये बाई गं! किती टोपल्या उचलल्यास गं! लेकानं ओळख दाखवली नाही, मी दाखवते गं! ये, इथं बैस माझ्याजवळ! वास येऊ दे अंगाचा, इथं कुणी नाक मुरडत नाही गं, आई!"

छपरावरचा हातोडा थांबला. मग शिडी कुरकुरली. एलुबेने खिडकीतून पाहिलं, पाद्री हान अंगणातल्या आंब्याखाली पोचला होता. तिथे पुरुषांची जागा. तो खाली मातीत बसला, एकटा, आणि कुणीतरी लहानपणीच अडवून ठेवल्यासारखं त्याचं रडणं एकदम फुटलं. दुसरं कुणी आलं नाही. तीन दिवस एलुबे आत बसली, तो बाहेर.

चौथ्या सकाळी मुखियाचं बोलावणं आलं. सगळा गाव गोळा झालेला. दोषी माणसाने बसायचं तिथे, मधोमध जमिनीवर एलुबे बसली.

"दोन कोंबड्या दंड," चिमोम्बो म्हणाला. "आणि माफी."

"एक पीसही देणार नाही. माफी कसली? रडायला गेले होते, चोरी करायला नाही."

मागे कुजबुज झाली. गर्दीतून पाद्री हान पुढे आला. आला आणि एलुबेच्या शेजारी, त्याच दोषी जागेवर, मांडी घालून बसला.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मुखियाने विचारलं.

"तुमच्या बहिणीच्या दिवशी मी हातोडा मारला," पाद्री म्हणाला. अडखळत, शब्द शोधत. "माझ्या आईच्या दिवशी मला कळलं, मी काय केलं. दंड माझा. आणि हिची कबर कुणी खणणार नसेल तर मी खणीन."

पुरुष खो खो हसले. "एकट्यानं? वीत खणेपर्यंत फोड येतील हाताला!"

"येऊ देत."

चिमोम्बो हसला नाही. तो पाद्रीच्या खाली गेलेल्या मानेकडे बघत राहिला. बहिणीच्या आठवणीने त्याने हनुवटी तळहाताने दाबून धरली.

"बोलायला काय जातं?" तो शेवटी म्हणाला. "जायलोसी म्हातारा रात्री गेलाय. खणणारे आत्ता निघालेत. जा त्यांच्याबरोबर. बघू."

"आणि माझ्या कोंबड्या?" एलुबेने ठणकावून विचारलं.

"तू गप्प बस गं, बाई!"

दुपारी जायलोसीला घेऊन बायका पोचल्या तरी कबर पुरी झालेली नव्हती. एक कोपरा राहिला होता, आणि तो कुणामुळे राहिला ते सांगायला नको. छातीएवढ्या खड्ड्यात पाद्री हान उभा होता. अंगभर लाल माती, तळहाताला चिंध्या बांधलेल्या. मुखियाचा भाचा, मलिताचाच मुलगा, त्याच्या शेजारी खणत होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"अरे ए, बघून टाक की माती! माझ्या पायावर कशाला? मला नाही पुरायचं आज!"

"चुकलो, चुकलो."

"चुकलो काय! कुदळ अशी धर. अशी. हां."

बायकांच्या घोळक्यात एलुबेला कुणी जागा दिली नव्हती, पण कुणी उठवलंही नव्हतं. शेजारच्या फालेसीने मान उंचावून खड्ड्यात पाहिलं आणि तिच्याकडे झुकली.

"वाकडं खणतोय गं तुझा पाद्री."

"शिकेल की," एलुबे म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"