तिरक्या फळीवरची नऊ वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलंही नसेल, कारण मी लॅपटॉपच्या पोटात राहते, आणि पोटातल्या गोष्टींची आठवण लोकांना दुखायला लागल्यावरच होते.

दिसायला मी पत्त्यांच्या जोडाएवढी आहे. माझ्या आत दोन गोल चकत्या आहेत, आरशासारख्या लख्ख. त्या मिनिटाला पाच हजारांहून जास्त गिरक्या घेतात आणि त्यांच्यावर एक बारीक सुई तरंगत राहते. ती चकतीला टेकत मात्र नाही. टेकली की संपलंच. माझा जन्म झाला त्या कारखान्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, का, तर माझ्यावर धुळीचा एक कण पडू नये. एवढी बडदास्त पुढे आयुष्यात कुणीच ठेवली नाही.

तिथून मी एका लॅपटॉपमध्ये बसले आणि तो लॅपटॉप ताईंकडे आला. ताई म्हणजे बोलताना अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई. एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची एक खोली आहे. खोलीत एक टेबल, मुलांसाठी दोन बुटक्या खुर्च्या, भिंतीवर एक मोठा आरसा आणि दाराशी चपला काढायला एक पायपुसणं. मूल बोलतं, ताई ते रेकॉर्ड करतात, आणि पडद्यावर त्या आवाजाची नागमोडी रेघ उमटते. मुलांना ती रेघ बघायला फार आवडते.

पण टेबल उंच आणि खुर्च्या बुटक्या. मुलांना पडदा धड दिसेना. ताईंचे भाऊ सुतार. त्यांनी दाराच्या उरलेल्या लाकडातून एक तिरकी फळी करून दिली, मागे चार बोटं उंच आणि पुढे एक बोट. तिच्यावर लॅपटॉप ठेवला की तो मुलांकडे वाकून बघतोय असं वाटायचं. पहिल्या दिवशी मला त्या उतारावर गरगरलं. पण सवयीनं माणूस कशातही रमतो, मी तर साधं यंत्र. नऊ वर्षं मी त्या उतारावरच फिरत राहिले.

आणि काय काय सांभाळलं मी! तीनशेच्या वर मुलांचे आवाज. कुणाला ‘क’ यायचा नाही, कुणी ‘र’ला ‘ल’ म्हणायचं, कुणी पहिल्याच अक्षराशी इतकं झगडायचं की बिचाऱ्याच्या कपाळावर घाम यायचा. ताई कुणालाही मधे तोडायच्या नाहीत आणि वाक्य पुरंही करून द्यायच्या नाहीत. ‘घाई नको. मी थांबते,’ एवढंच म्हणायच्या आणि खरंच थांबायच्या. ही दोन वाक्यं माझ्याकडे किती हजार वेळा साठली आहेत, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. आता तुम्ही विचाराल, बाई गं, तुला ऐकू कसं येतं? नऊ वर्षं आवाज सांभाळणारीला ऐकू येणार नाही, तर कुणाला येणार?

सुरुवातीला माझं कौतुकही झालं. ‘बटण दाबलं की उघडतो हो,’ असं ताई शेजाऱ्यांना सांगायच्या. मला मूठभर मांस चढायचं. पण हळूहळू मी भरत गेले आणि झिजत गेले. लॅपटॉप सुरू व्हायला आधी एक मिनिट लागायचं, मग चार, मग दहा. ताई बटण दाबून चहा ठेवायच्या, चहा पिऊन कप विसळून यायच्या, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. लोक म्हणायचे, लॅपटॉप म्हातारा झाला. नाव त्याचं व्हायचं, पण उशीर माझ्यामुळे होत होता, हे मला ठाऊक होतं.

या सगळ्या मुलांत एक होती खारू. पुढच्या दोन दातांमुळे ताईंनीच ठेवलेलं हे नाव. पाच वर्षांची असताना ती आजोबांचं बोट धरून आली. पहिल्या दिवशी ताईंनी तिला तिच्या मांजरीबद्दल विचारलं. ‘आमची मांजर पांढरी आहे,’ एवढं सांगायला तिला एक मिनिट आणि दहा सेकंद लागली. ते रेकॉर्डिंग माझ्याजवळ होतं. पुढची दोन वर्षं ती न चुकता आली आणि खूप सुधारली. मधेच एखादा शब्द अडायचा, पण ती श्वास घेऊन त्याच्यावरून पुढे जायची.

मग शाळेत एकदा तिला उभं राहून धडा वाचायला सांगितला. एक शब्द अडला. मागच्या बाकावरून कुणीतरी तिची नक्कल केली आणि अख्खा वर्ग हसला. झालं, त्या दिवसापासून खारूनं तोंडाला कुलूप लावलं. आजोबांनी सांगितलं, घरीसुद्धा मानेनंच हो-नाही म्हणते. ताईंसमोर ती फक्त एकदा बोलली.

“मला काहीच येत नाही. मी आता येणार नाही.”

ताईंनी वाद घातला नाही. अशा निराश झालेल्या मुलाला त्या त्याचाच पहिल्या दिवसाचा आवाज ऐकवतात. कुठून निघालो होतो हे स्वतःच्या कानांनी ऐकलं की मुलाला दुसरं काही सांगावं लागत नाही. त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. मित्रांनो, मी जिवाच्या आकांतानं फिरले. पण चक्र काही थांबेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खारू खुर्चीवरून उतरली, दाराशी गेली आणि चपला घालून उभी राहिली. आजोबांनी ताईंकडे बघून हात जोडले आणि ते दोघं गेले. त्यानंतर तीन मिनिटांनी मी उघडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी आजोबांना फोन केला. शुक्रवारी चार वाजता फक्त एकदा या, नंतर नाही आलात तरी चालेल, अशी गळ घातली. आजोबा हो म्हणाले. तो मंगळवार होता. बुधवारी ताई लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराला सगळे भिंगवाले म्हणतात, कारण त्यांच्या कपाळावर पट्ट्यानं बांधलेलं एक भिंग कायम असतं. ते म्हणाले, लॅपटॉप ठणठणीत आहे, फक्त डिस्क बदलायची. जुनी काढून नवी एसएसडी बसवू. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडेल. आधी जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून घेऊ. दुसरी कॉपी कुठे आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ताईंचा चेहरा उतरला. कॉपीसाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक पेनड्राइव्ह आणला होता. तो अजून ड्रॉवरमध्ये पाकिटासकट पडलेला होता. उद्या करू, उद्या करू, असं त्या रोज म्हणायच्या, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

गुरुवारी सकाळी भिंगवाल्यांनी लॅपटॉप उलटा केला, अकरा स्क्रू काढून कागदावर ओळीनं मांडले, बॅटरीची वायर सोडवली आणि मला बाहेर काढलं. नऊ वर्षांनी उजेड पाहिला. शेजारीच ती नवी एसएसडी पडली होती. चकती नाही, सुई नाही, आवाज नाही, वजन विचाराल तर बिस्किटाएवढं. खरं सांगते, मला तिचा राग आला. आयुष्यभर मी गरगर फिरायचं आणि हिनं बसल्या जागी सगळं करायचं! पण राग गिळला. शुक्रवार जवळ आला होता.

भिंगवाल्यांनी मला टेबलावरच्या रबरी चटईवर सपाट ठेवलं, वायर जोडली आणि कॉपी सुरू केली. दहा टक्के, तीस, साठ. एकाहत्तरावर माझी सुई अडली. टक्, टक्, टक्. मला पुढचं दिसेचना. त्यांनी मला थंड होऊ दिलं, वायर बदलली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा एकाहत्तर आणि पुन्हा टक्. मग तेवढा भाग वगळून त्यांनी बाकीचं उतरवलं आणि न उतरलेल्या फोल्डरांची यादी काढली. त्यांत खारूचं फोल्डर होतं.

ताई आल्या. यादी वाचून त्या स्टुलावर बसल्या. शंभरातली चौऱ्याण्णव वाचली, त्यातही समाधान मानावं लागतं, असं भिंगवाले त्यांना समजावत होते. ताईंना फक्त एकच हवं होतं. त्यांनी भिंगवाल्यांना पुन्हा एकदा मला सुरू करायला लावलं आणि माझ्याजवळ कान आणला. टक्, टक्, टक्. मी लाजेनं अर्धी झाले. आयुष्यात कधी माझ्यावर अशी पाळी आली नव्हती, की विचारलेलं मला माहीत आहे, माझ्याजवळ आहे, आणि तरी ते बाहेर येत नाही. त्या बुटक्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

“ती अडलीये, भाऊ,” ताई भिंगवाल्यांना म्हणाल्या. “आतलं संपलं असतं तर असा आवाज आला नसता.”

“पण मी सगळं करून बघितलंय, ताई.”

“माझ्याकडे एखादं मूल बोलता बोलता गप्प झालं ना, की मी त्याला नवीन काही करायला लावत नाही. ते नेहमी जिथं बसून बोलायचं, तिथंच नेऊन बसवते.” एवढं बोलून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. “तुम्ही हिला सपाट ठेवलंय. ही कधी सपाट राहिलेलीच नाही.”

त्या उठल्या आणि तशाच बाहेर पडल्या. खोली दोन गल्ल्या पलीकडे. परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि काखेत ती तिरकी फळी होती. भिंगवाल्यांनी आधी मान हलवली, मग ती खाजवली. जुन्या डिस्कचा मधला आस झिजून एका अंगाला कलतो खरा, असं काहीसं ते पुटपुटले. त्यांनी मला फळीवर ठेवलं आणि घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना खोडरबर लावले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याबाबतीत अगदी खरं निघालं. त्या ओळखीच्या उतारावर माझ्या चकत्या फिरू लागल्या आणि सुई आपल्या जागी आली. एकाहत्तर. भिंगवाल्यांनी भिंग डोळ्यांवर ओढलं, जणू त्यातून टक्के मोठे दिसणार होते. बहात्तर. मी घाई केली नाही. एकेक फाइल उचलायची, नवीच्या हाती द्यायची आणि मग पुढचीकडे वळायचं. समोर ताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“घाई नको,” त्या मला म्हणाल्या. “मी थांबते.”

भिंगवाल्यांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं, पण ते हसले नाहीत. सव्वा तास लागला. खारूचं फोल्डर शेवटून तिसरं होतं. शेवटची फाइल दिली तेव्हा मला कळलं की त्या नव्या मुलीवरचा माझा राग कधीच निघून गेला आहे. सांभाळ गं बाई, एवढंच मनात आलं. मग माझ्या चकत्या हळू झाल्या आणि थांबल्या.

भिंगवाल्यांनी नवी बसवली, अकराही स्क्रू लावले आणि मला कागदी पाकिटात घालून ताईंना दिलं. ताईंनी मला कपाटात टाकलं नाही. टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवलं. म्हणून पुढचं मी तुम्हाला सांगू शकते.

शुक्रवारी चार वाजता आजोबा आणि खारू आले. खारूनं चपला काढल्या नाहीत, पायपुसण्यावरच उभी राहिली. ताईंनी बटण दाबलं. खारू दहा मोजायच्या आत पडदा उजळला, तशी ती दोन पावलं पुढे आली. ताईंनी फाइल लावली आणि खोलीत एका लहान मुलीचा आवाज आला. आ... आ... आ... मग लांबलचक शांतता. पुन्हा आ... आ...

खारू कान देऊन ऐकत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. मांजरीपर्यंत गोष्ट पोचायला अजून खूप वेळ होता.

“ही कोण आहे?” तिनं विचारलं. मंगळवारनंतर ती पहिल्यांदाच बोलत होती. “हिला कि... किती अडतं गं, ताई.”

खारू बुटक्या खुर्चीवर बसली आणि पडद्यावरच्या नागमोडी रेघेजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाली, “घाई नको. मी थांबते.”

आजोबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

रेकॉर्डिंगमधली मुलगी झगडत झगडत मांजरीपर्यंत आली, मग पांढरीपर्यंत आली, आणि शेवटी तिनं वाक्य पुरं केलं. मग दोन वर्षांपूर्वीच्या ताईंचा आवाज आला, ‘शाब्बास, खारू.’

खारू पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं खाली वाकून एक चप्पल काढली, दुसरी काढली आणि दोन्ही खुर्चीखाली सारल्या.

“परत लाव,” ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी फिरत नाही. त्याच संध्याकाळी ताईंनी ड्रॉवरमधला तो पेनड्राइव्ह पाकिटातून काढला आणि सगळ्याची आणखी एक कॉपी केली. बैल गेल्यावर झोपा करण्याची वेळ त्यांच्यावर येता येता टळली, तुमच्यावर येऊ देऊ नका. जे पुन्हा मिळणार नाही, ते दोन ठिकाणी ठेवा, आणि ते उद्यावर टाकू नका. आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी सुरू व्हायला वेळ घेत असेल, मग ते माझ्यासारखं जुनं यंत्र असो की खारूसारखी मुलगी, तर त्याच्याजवळ जरा बसा. लगेच चपला घालू नका.